सावडीचं वाचन

पटकथा वाचायला मनापासून कोणालाच आवडत नाही. ती लिहिणाऱ्यांनाही नाही. कादंबरी वाचली की कादंबरी पदरात पडते, नाटकाचं पुस्तक वाचलं की निदान संवादांची चव मिळते. पटकथेचं तसं नसतं. ‘आत. स्वयंपाकघर. रात्र.’ एवढी ओळ देऊन लेखक मोकळा होतो. चुलीचा उजेड, भिंतीवरची काजळी, सासूच्या कपाळावरची आठी हे सगळं वाचणाऱ्याने आपल्या घरचं घालायचं. पटकथा म्हणजे शिधा. चूल तुम्ही पेटवा, रांधा, मग जेवा.

१९७३ साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते. डझनावारी चित्रपटांच्या कथा, पटकथा आणि संवाद त्यांनी लिहिले. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’सुद्धा त्यांच्याच लेखणीतला. त्यांचं गीतरामायण आजही घराघरात ऐकलं जातं, त्यांच्या कवितांवर पिढ्या शाळा शिकल्या. पण ‘मी गदिमांची पटकथा वाचली आहे’ असं सांगणारा माणूस मला इथे यवतमाळात अजून भेटायचा आहे. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर वणीच्या मेडिकल दुकानात बसून रात्री सिनेमा लिहिणाऱ्याची पटकथा कोण वाचणार?

त्याच्यासारखेच दुसरे लिहिणारे वाचतात. हौशी पटकथालेखकाचा पहिला, आणि बहुतेक वेळा एकुलता एक, वाचक हा दुसरा हौशी पटकथालेखकच असतो. मुंबई इथून सातशे किलोमीटरच्या घरात. तिथल्या निर्मात्याला पाठवलेल्या मेलचं उत्तर येत नाही. मग यवतमाळ, पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथले लोक एकमेकांनाच फाइली पाठवतात. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नात, कोणाचं आठ एकर वावर. सगळ्यांकडे वेळ एकच, रात्री दहानंतरचा. त्याच वेळात स्वतःचंही लिहायचं असतं. शंभर-एकशेदहा पानांची पटकथा नीट वाचायला दोन तास लागतात आणि लिहिणाऱ्याला काही कामाचं सांगायचं तर आणखी एक तास. आठवड्याला तीन फाइली आल्या की हिशेब संपला. म्हणून निवड होते. ती कशी होते हे मात्र निवडणारा क्वचितच खरं सांगतो.

विचारलं तर सगळे म्हणतात, “चांगली असली तर वाचतो ना गा!” पण चांगली आहे हे वाचल्याशिवाय कळणार कसं? म्हणजे निवड आधी होते, वाचन नंतर, आणि चांगलं-वाईट त्याच्याही नंतर.

सगळ्यात जुनी रीत उपकाराच्या परतफेडीची. शेतीतल्या दोन पद्धती इथे आठवाव्यात. एक इर्जिक: ज्याचं काम अडलं त्याने सगळ्यांना हाक द्यायची, एका दिवसात काम उरकायचं, आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. दुसरी सावड: आज मी तुझ्या वावरात निंदायला येतो, परवा तू माझ्या वावरात ये. पटकथांचंही नेमकं असंच चालतं. कोणाच्या तरी घरी आठ-दहा जण जमतात, लेखक स्वतः वाचून दाखवतो, मध्ये चहा-चिवडा होतो, ही इर्जिक. आणि “तू माही वाच, मी तुही वाचतो” हा खासगी करार म्हणजे सावड.

सावड न्यायाची वाटते, पण तिच्यात दोन खोडी आहेत. पहिली मोजमापाची. एकाने वीस पानांची लघुपट-संहिता द्यायची आणि दुसऱ्याने एकशेचाळीस पानांचा चित्रपट, हा सौदा टिकत नाही. त्यामुळे छोट्या संहिता आधी वाचल्या जातात, मोठ्या मागे राहतात. छोट्या बऱ्या असतात असं नाही, फेडायला सोप्या असतात. दुसरी खोड वाईट. निंदणाऱ्याने तण ठेवलं तर धनी लगेच बघतो, कारण तण डोळ्यांना दिसतं. पटकथेतलं तण दाखवलं की मात्र धन्यालाच राग येतो, आणि पुढच्या आठवड्यात तो तुमच्या पऱ्हाटीतलं तण उपटत बसतो, नसलेलंसुद्धा. ते टाळायला दोघं एकमेकांना ‘भारी आहे’ म्हणतात. अशा चार ‘भारी’ पटकथा माझ्या कपाटात आहेत. त्यातल्या दोन माझ्याच.

परतफेडीचा बांध नसेल तेव्हा माणूस बाहेरच्या खुणा बघतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या दोन संशोधकांनी माणसं माहिती कशी शोधतात याचा अभ्यास केला आणि उत्तर जनावरांच्या चरण्यात सापडलं असं मांडलं. जनावर चारा दिसण्याआधी त्याचा वास घेतं. वास आशेचा असेल तर तिकडे वळतं, आणि एका जागचा चारा विरळ होऊ लागला की पूर्ण संपायची वाट न पाहता पुढे जातं. शेळी बघा. बोरीचा शेंडा खाते, चार पावलं टाकते, पुढच्या झुडपाचा शेंडा खाते. फाइली उघडणारा लेखक हा असाच शेळीच्या जातीचा प्राणी.

त्याला येणारा पहिला वास फाइलच्या नावाचा. ‘फायनल’, ‘फायनल फायनल’, ‘फायनल ३ नवीन’ अशी नावं बघूनच जुना वाचक ओळखतो की आपण वाचून होईपर्यंत चौथी येणार. दुसरा वास अक्षरांचा, आणि ही खास मराठीची अडचण आहे. श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेली फाइल जशीच्या तशी पाठवली की ती मोबाइलवर उघडताना ‘आई’च्या जागी कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं येतात. लेखकाने दोन वर्षं घातलेली असतात. वाचक दोन सेकंदांत बंद करतो. युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ पाठवणं एवढं साधं काम ज्याने केलं नाही, त्याने ती फाइल दुसऱ्याच्या फोनवर एकदाही उघडून पाहिलेली नाही, हे वाचकाला तिथेच कळतं.

तिसरी खूण पानांची. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हॉलिवूडचा हिशेब ठरावीक इंग्रजी टंकावर आणि ठरावीक मोकळ्या जागांवर बसवलेला आहे. देवनागरीत तो तसाच्या तसा लागू पडत नाही, आणि आपल्याकडे अजून बरेच जण डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद अशा दोन रकान्यांत लिहितात. तरीही १८० पानांची फाइल बघितली की वाचक हबकतो. चुकत नाही. इतकी पानं म्हणजे लेखकाने अजून काही कापलेलं नाही.

आमच्याकडचे बहुतेक लिहिणारे हौशी रंगभूमीवरून आलेले, म्हणून एक सवय तिथलीही चिकटली आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता निवडताना पहिला प्रश्न पात्रांचा असतो: बायका किती? जिल्ह्याच्या गावात तालमीला रोज येऊ शकणाऱ्या स्त्रिया मिळवणं हेच मोठं काम, म्हणून कमी स्त्री-पात्रं असलेली संहिता आधी उघडली जाते. सिनेमा लिहितानाही हे लोक सवयीने पात्रसंख्या मोजतात. या सवयीला चोख उत्तर विदर्भातच मिळालं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक शेतकऱ्यांच्या विधवांनीच केलं. त्यातल्या वैशाली येडे यांच्या हस्ते २०१९ च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. बायका मिळत नाहीत म्हणून बाजूला ठेवलेल्या संहितांचा ढीग मनाशी मोजून बघावा.

फाइल उघडली की खरी कसोटी सुरू होते, आणि ती पहिल्या चार-पाच पानांतच आटोपते. यवतमाळमध्ये लिहिल्या जाणाऱ्या पटकथांत कापूस, कर्ज आणि गळफास असणं साहजिक आहे. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर काही काळ प्रत्येक दुसऱ्या संहितेत पाठीवरचा पंप होता. ‘आणखी एक आत्महत्येची’ म्हणून इथलाच वाचक अशी फाइल मागे टाकतो. निष्ठुर वाटतं, पण त्याने घरात ऐकलेलं, स्मशानात पाहिलेलं दुःख त्याला पुन्हा ढोबळ रूपात वाचायचं नसतं.

मग अशातली कोणती वाचायची? मी एक खूण वापरतो. लेखकाला महिना माहीत आहे का, ते बघतो. कपाशी पावसाबरोबर जूनमध्ये पेरायची, मग डवरणी, निंदण, खत. बोंडं फुटून वेचणी सुरू व्हायला दसरा-दिवाळी उजाडते. एका संहितेत पहिल्याच दृश्यात श्रावणसरी कोसळत होत्या आणि नायिका ओटीत कापूस वेचत होती. मी तिथे थांबलो. तारीख चुकली एवढ्यासाठी नव्हे. ज्याने महिना पाहिला नाही त्याने ती बाईही पाहिलेली नसणार, ती गाण्यातली असणार. उलट एका मुलाच्या संहितेत पहिल्या पानावर एवढंच होतं: बाप उधारीवर बियाण्याचं पाकीट घेतो, पाकिटावरचं पिकाचं चित्र मुलगी कापून वहीत चिकटवते. बाकी त्या संहितेत दोषच दोष होते. मी नव्वद पानं एका बैठकीत वाचली.

दुसरी खूण बोलीची. टीव्हीवर हसवायला वापरली जाणारी ‘विदर्भी’ भाषा आणि आर्णीच्या बसस्टँडवर ऐकू येणारी भाषा यांत फार अंतर आहे. प्रत्येक वाक्यात ‘बे’ घातलं की वऱ्हाडी होत नाही. शिवाय हा जिल्हा एका बोलीचा नाही. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात, मारेगाव-झरीकडे कोलामी, पांढरकवड्याच्या पलीकडे तेलुगू सुरू होते. तांड्यावरची आजी नातवाशी पाठ्यपुस्तकी मराठीत बोलू लागली की त्या तांड्यावर वाढलेला वाचक तिसऱ्या पानावर निघून जातो. अमराठी संवाद त्याच भाषेत लिहून शेजारी मराठी देणारी संहिता वाचायला कष्ट पडतात, पण ती अर्धवट टाकलेली मी पाहिली नाही.

आणि तिसरी, एका ओळीची. “तुह्या सिनेमात काय होते?” याला लेखक एका वाक्यात काय उत्तर देतो. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’चं उदाहरण घ्या, २००९ साली हा चित्रपट रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. ‘कर्जबाजारी कापूस उत्पादकाची शोकांतिका’ असं म्हटलं तर कोणीही म्हणेल, नंतर वाचू. पण शेजाऱ्याने जीव दिल्यावर ‘आपल्याही नवऱ्याच्या मनात तेच असेल’ या धास्तीने बायको घरच्यांना त्याच्यावर पाळत ठेवायला लावते, असं म्हटलं की ऐकणारा पुढे सरकतो. विषय तोच, पण आता कोणीतरी कोणाकडे तरी बघतं आहे, आणि बघता बघता हसूही येणार आहे. जिथे कुणाला काही करायचं आहे आणि ते अवघड आहे, अशी ओळ मिळाली की वास पक्का.

या सगळ्यावर कडी करणारी एक खूण आहे: इतर कोण वाचतं आहे. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटलं होतं आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडाही दिसत होता. आकडा दिसला की लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, बाकीची आणखी मागे पडली. आणि कोणतं गाणं वर जाईल हे गटागटांत बदललं. फार वाईट गाणी क्वचित वर गेली, फार चांगली क्वचित तळाला गेली, मधल्या सगळ्यांचं नशीब मात्र पहिल्या काही जणांच्या हातात राहिलं. आमच्या मंडळीत हे दर हंगामात होतं. पहिले दोघं एखादी संहिता वाचून चार शब्द बोलले की महिनाभर सगळे तीच वाचतात. त्याच आठवड्यात आलेली दुसरी पडून राहते, आणि दोघींत फरक फक्त पाठवण्याच्या वेळेचा असतो.

हीच शक्ती चांगल्या कामालाही लावता येते. २००५ साली हॉलिवूडमध्ये एका निर्मिती संस्थेत काम करणाऱ्या फ्रँकलिन लेनर्ड या तरुणाला सुट्टीत वाचायला बऱ्या पटकथा हव्या होत्या. त्याने धंद्यातल्या ओळखीच्या लोकांना विचारलं: यंदा वाचलेल्या, अजून चित्रपट न झालेल्या, तुम्हाला आवडलेल्या दहा पटकथा कळवा. आलेली नावं मोजून त्याने यादी केली आणि सगळ्यांना परत पाठवली. तिचं नाव ब्लॅक लिस्ट. पहिल्याच यादीत वरच्या क्रमांकांत ‘जूनो’ होती. पुढे ‘स्लमडॉग मिलियनेअर’, ‘आर्गो’, ‘स्पॉटलाइट’ यांच्या पटकथाही या यादीत येऊन गेल्या. लेनर्डचा प्रश्न बघा. त्याने ‘चांगली कोणती’ असं विचारलं नाही, ‘तुम्हाला आवडलेली कोणती’ असं विचारलं. पहिल्या प्रश्नाला माणूस अब्रू सांभाळून उत्तर देतो.

चोरीची भीती हा विषय मी थोडक्यात उरकतो, कारण तो जितका बोलला जातो तितका मोठा नाही. काही लेखक आपली संहिता कोणालाच देत नाहीत, काही वाचक आपल्या कथेशी जुळणारी संहिता मुद्दाम उघडत नाहीत, उद्या आळ नको म्हणून. दुसरी सावधगिरी मला पटते. पहिलीला कायद्यात फारसा आधार नाही. आर. जी. आनंद यांनी आपल्या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ चित्रपट उचलल्याचा दावा केला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळताना सांगितलं की नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहिता नोंदवा आणि मग बिनधास्त वाचायला द्या. कुलूप लावून ठेवलेली पटकथा चोरीला जात नाही हे खरं, तिचा सिनेमाही होत नाही.

आतापर्यंत मी निवडण्याच्या रीती सांगितल्या. आता न निवडण्याचं एक उदाहरण, याच मातीतलं. महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. साठच्या दशकात नागपूरला ते सिनेमा बघायला निघाले होते, तिकीट मिळालं नाही, म्हणून नाटकाला गेले. नाटक विजय तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’, दिग्दर्शन विजया मेहतांचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाहिलं आणि आपण नाटक लिहायचं असं ठरवलं. पुढचं वर्षभर त्यांनी हाताला लागतील ती नाटकं वाचून काढली. हाताला लागतील ती, हे महत्त्वाचं. नवशिक्याचा वास घेण्याचा अवयव अजून तयार झालेला नसतो. त्याने शेळीसारखं शेंडे खुडत फिरण्यापेक्षा मेंढीसारखं दिसेल ते मुळापर्यंत खावं. १९६७ साली त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथा’ मासिकात छापून आली. ती विजया मेहतांच्या नजरेस पडली आणि ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने त्यांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. पुढे ‘होळी’ आणि ‘पार्टी’ यांचे चित्रपट झाले, दोन्ही १९८४ चे. ज्या बाईंचा प्रयोग पाहून ते लिहू लागले, त्यांच्याच हाती त्यांचा मजकूर पोचला, कारण मध्ये एक मासिक होतं आणि ते मासिक मन लावून वाचणारे लोक होते.

‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. पटकथांसाठी तर असं मासिक कधी नव्हतंच. त्याची जागा चिठ्ठ्यांनी थोडी भरते. केविन स्पेसीने २००२ साली सुरू केलेल्या ट्रिगर स्ट्रीट या उपक्रमात नियम होता की आपली पटकथा वाचली जावी असं वाटत असेल तर आधी दुसऱ्यांच्या वाचा, आणि कोणाची वाचायची ते तुम्ही ठरवायचं नाही, वाट्याला येईल ती. आम्ही हेच डब्यात चिठ्ठ्या टाकून करतो. महिन्याला प्रत्येकाने दोन संहिता वाचायच्या, एक आपल्या आवडीची, एक चिठ्ठीतली. चिठ्ठीतली वाचताना पहिले काही महिने कुरकुर होते. पण फसलेली संहिता शेवटपर्यंत वाचणं हा मोठा धडा असतो. चांगल्या पटकथेत शिवण दिसत नाही. फसलेलीत कुठे टाका निसटला, चाळिसाव्या पानावर लेखकालाच नायकाचं काय करावं हे कसं कळेनासं झालं, हे स्पष्ट दिसतं, आणि आपल्या संहितेतलं चाळिसावं पान आठवून पोटात गोळा येतो. स्वतःच्या अडचणीशी जुळणारी संहिता निवडणं हेही शहाणपणाचं. तुमचा मधला भाग ढेपाळत असेल तर ज्याचा मधला भाग चालला आहे अशा मित्राची फाइल मागा, सुरुवात कितीही रटाळ असो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना जमण्यासारखी आहे, आणि ती मी हट्टाने मागतो. तुमच्याकडे कोणी संहिता पाठवली आणि ती पूर्ण वाचवली नाही, तर ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहू नका, ‘भारी आहे’ असं तर मुळीच लिहू नका. कितव्या पानावर थांबलात, तेवढा आकडा कळवा.